अंगठा उमटवण्याआधी थांबा

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या घरांना, आणि त्या घरांचे कागद वाचून-लिहून देणाऱ्या मास्तरांना, ग्रामसेवकांना, पोलीस पाटलांना आणि मुकादमांनाही ही तातडीची विनंती आहे. या हंगामात तुमच्या घरातल्या, भावकीतल्या किंवा टोळीतल्या कुणाचा अपघात झाला असेल, तर मिटवामिटवीच्या कागदावर अंगठा देऊ नका. आधी काय काय गेलं याचा हिशेब मांडा. तोही लवकर मांडा. मोटार अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती अपघाताच्या तारखेपासून मोजतात, गावी परत आल्याच्या तारखेपासून नाही. डिसेंबरात ट्रॉली उलटली आणि तुम्ही एप्रिलात गावी आलात, तर चार महिने फडातच गेले.

या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत. केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेश म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज इथल्या वाड्या-तांड्यांना कुलपं लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड चढतं आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कुणी पार बेळगाव-बागलकोटकडे निघतं. पुढचे पाच-सहा महिने अपघात पाठीशीच असतो. अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून वाहन येऊन धडकतं. चालकाला डुलकी लागते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना पाय सटकतो, किंवा कोयता उसाऐवजी बोटांवर बसतो.

मग दोन-चार दिवसांनी कोपीसमोर बैठक बसते. ट्रॅक्टरमालक, मुकादम आणि गावाकडचा एखादा वजनदार माणूस असतो. शंभराचा किंवा पाचशेचा स्टँपपेपर तयारच असतो. दवाखान्याचं बिल मालकाने भरलं, उचलीतले चाळीस-पन्नास हजार सोडले, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर असतो. जखमी माणूस अजून सलाईनवर असतो आणि त्याचा बाप किंवा बायको अंगठा देते. त्या घरावर दोन-तीन लाखांची उचल असते, पुढच्या सालीही त्याच मुकादमाकडे जायचं असतं, त्यामुळे ‘नाही’ म्हणणं किती अवघड आहे हे मला कळतं. म्हणूनच हे लिहितोय. त्या बैठकीत ज्याला ‘नुकसान’ म्हणतात ते खऱ्या नुकसानीचा एक कोपरा असतो.

कायद्याच्या दृष्टीने नुकसान म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका वकिलाच्या प्रकरणात नीट उलगडून सांगितलं. आर. डी. हट्टंगडी यांचं कमरेखालचं शरीर अपघाताने लुळं पडलं होतं आणि १९९५ साली त्यांचा निकाल लागला. न्यायालयाने नुकसानीचे दोन भाग केले. एक पैशात मोजता येणारा, म्हणजे खिशातून गेलेला आणि पुढे न येणारा पैसा. दुसरा पैशात मोजता न येणारा, तरीही पैशानेच भरून द्यावा लागणारा. पुढे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात त्या दोन भागांची खातेवहीच तयार झाली, आणि आज देशातलं प्रत्येक मोटार अपघात न्यायाधिकरण ती उघडून बसतं.

पहिल्या भागात दवाखाना आणि औषधं तर येतातच. पण गावाहून दवाखान्यात जा-ये करायला केलेली जीप, डॉक्टरने सांगितलेलं दूध-अंडी, पेशंटजवळ बसण्यासाठी दिवस मोडलेल्या माणसाची मजुरी, हेही येतं. अंथरुणात गेलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई येते. पायातला रॉड वर्षाने काढायचा असेल, कृत्रिम पाय बसवायचा आणि तो झिजला की बदलायचा असेल, तर तो पुढचा खर्च येतो. जन्मभर उचलून न्यायला-आणायला माणूस लागणार असेल तर त्याचा पगारही येतो. अपघाताने मेंदूला कायमची इजा झालेल्या काजल नावाच्या लहान मुलीच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने चोवीस तासांसाठी दोन मदतनीस धरले, त्यांचा खर्च वयाच्या गुणकाने गुणला आणि एकूण भरपाई ६२ लाखांवर नेली. आईच करते की तिचं सगळं, असं म्हणून तो खर्च सोडून दिला नाही.

दुसऱ्या भागात वेदना आणि मनाला बसलेला धक्का येतो. जगण्यातल्या ज्या साध्या गोष्टी हिरावल्या, म्हणजे चालणं, मांडी घालून बसणं, लेकराला कडेवर घेणं, त्यांची भरपाई येते. लग्न जमण्याची शक्यता मावळली असेल तर तीही मागता येते, आणि आयुष्यच कमी झालं असेल तर तेही. स्टँपपेपरवर यातलं एक अक्षर नसतं. परदेशी सिनेमात मालकाला अद्दल म्हणून कोट्यवधींचा दंड होतो, तसं आपल्याकडे सहसा होत नाही, त्या स्वप्नात राहू नका. इथं कायदा ‘न्याय्य भरपाई’ म्हणतो. पण ती द्यायची म्हटल्यावर अर्जात कमी रक्कम मागितली असली तरी न्यायाधिकरण जास्त देऊ शकतं, हे नागप्पा प्रकरणात २००२ साली ठरलेलं आहे.

आता सगळ्यात मोठ्या रकमेकडे येऊ. ती म्हणजे कायमच्या अपंगत्वामुळे पुढच्या कमाईचं नुकसान. बहुतेक घरं इथंच फसतात.

समजा, तीस वर्षांच्या गड्याचा उजवा हात निकामी झाला. दवाखान्याच्या दाखल्यावर लिहिलं, ‘५० टक्के अपंगत्व’. विमा कंपनी म्हणणार, कमाई निम्मीच बुडाली. पण राजकुमारच्या निकालात नेमकं हेच खोडलं आहे. शरीराचं अपंगत्व किती, हा एक प्रश्न. त्या माणसाच्या धंद्यापुरतं ते किती, हा दुसरा आणि खरा प्रश्न. एक हात गेलेला कारकून खुर्चीवर बसून पगार घेत राहील. चालकाचा किंवा सुताराचा हात गेला तर धंदाच गेला. मग कोयता एका हाताने चालतो का? ऊस धरायचा कशाने आणि तोडायचा कशाने? मोळी बांधायची कशी?

आकड्यांत पाहा. त्याची महिन्याची कमाई १२ हजार धरली. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या अंगमेहनतीवर कमावणारा, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की १६,८०० होतात. वर्षाचे २,०१,६००. तीस वर्षांच्या माणसाला सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक १७. गुणाकार ३४,२७,२००. आता यावर ५० टक्के लावले तर १७,१३,६०० मिळतात. धंद्यापुरतं अपंगत्व ८० टक्के सिद्ध झालं तर २७,४१,७६०. दवाखान्याचा दाखला एकच, पण डॉक्टरने साक्षीत ‘हा माणूस ऊसतोड करू शकणार नाही’ एवढं सांगितलं की नाही, यावर दहा लाखांचा फरक पडला. शिवाय अर्ज केल्यापासूनचं व्याज, साधारण ६ ते ९ टक्के. कोपीसमोरचे पन्नास हजार या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

‘आमच्याकडे पगारपत्रक नाही, कमाई सिद्ध कशी करायची?’ हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. बंगळुरूच्या एका हमालाच्या प्रकरणात २०११ मध्ये, आणि पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्या सय्यद सादिक यांच्या प्रकरणात २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा कष्टकऱ्यांकडे कागद नसतातच. त्यांनी सांगितलेली कमाई अवाजवी नसेल तर ती मानावी. तरी आपल्याकडे जे आहे ते जपा. मुकादमाशी झालेली नोटरी, उचलीची नोंद, कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या, ग्रामसेवकाने दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. टोळीने रोज किती टन तोडलं आणि टनाला काय दर होता, यावरून रोजची कमाई निघते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा जुन्या दराने हिशेब मांडून कुणी तुमची कमाई कमी दाखवत असेल तर हटका.

आया-बहिणींनो, आता तुमच्याविषयी. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एकटी असली की अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, नोटरीवर सही त्याची, पैसेही त्याच्याच हातात. ऊस तोडताना, मोळ्या वाहताना, पहाटे उठून भाकरी करताना मात्र अर्धं कुणी मोजत नाही. पण बाईचा अपघात झाला की दाव्याच्या अर्जात ‘व्यवसाय : घरकाम’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. एका शब्दात तिची सगळी मजुरी पुसली जाते. असं लिहू देऊ नका. ‘ऊसतोड मजूर, आणि घरकाम’ असं दोन्ही लिहा. घरकामाचीही किंमत धरावी लागते, हे २०१० च्या अरुणकुमार अग्रवाल आणि जानेवारी २०२१ च्या कीर्ती या दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणजे बाईचं नुकसान पुरुषापेक्षा कमी नाही, दोन पाळ्यांचं आहे. आणि ती पडली की कोयता मोडतो, नवऱ्याचंही काम थांबतं. टोळीवाल्यांनी हे साक्षीत सांगायला हवं.

हे सगळं उभं राहतं ते पहिल्या काही तासांत दवाखान्यात काय लिहिलं गेलं त्यावर. पोलिसांचं लचांड नको म्हणून ‘घरी पडला असं सांगा’ असा सल्ला कुणीतरी देतो. केसपेपरवर ‘घरी पडून मार’ असं लिहिलं गेलं की पुढे तीन वर्षं विमा कंपनीचा वकील तेवढी एकच ओळ न्यायालयात वाचत राहतो. जे घडलं तेच सांगा. कोणतं वाहन, कुठे, किती वाजता. ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटचा आणि ट्रॉलीचाही मोबाइलवर फोटो काढा. पोलीस तक्रार तिथं घेत नसतील तर गावाकडच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा, असा नियम आहे. सविस्तर अहवाल गेला की न्यायाधिकरण त्यालाच दावा समजून चालवू शकतं. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारत राहा. रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता देण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. दवाखान्यात तीही विचारा.

मेडिकलच्या बिलांचा कागद गुळगुळीत असतो, त्यावरची शाई काही महिन्यांत उडते. कॅरीबॅगेत घालून पत्र्याखाली ठेवलेली बिलं दोन वर्षांनी काढली तर नुसते पांढरे चिटोरे निघतात, आणि पांढऱ्या चिटोऱ्यावर कुणी पैसे देत नाही. त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा, मूळ बिल झेरॉक्सला टाचून ठेवा. अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयातून किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयातून डिस्चार्ज घेताना एक्स-रे मागून घ्या. अपंगत्वाचा दाखला उपचार पूर्ण झाल्यावरच काढा. घाईने काढलेला तात्पुरता दाखला पुढे आपल्याच अंगावर येतो.

अपघात कोल्हापुरात झाला म्हणून खटला कोल्हापुरात चालवावा लागत नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात, म्हणजे बीडला किंवा अंबाजोगाईला, दावा टाकता येतो. अपघात कर्नाटकात झाला असला तरी. ‘तिकडं तारखेला कोण जाणार’ म्हणून सोडून दिलेल्या दाव्यांसाठी एवढं एकच वाक्य पुरेसं होतं, ते वेळेवर कुणी सांगितलं नाही.

विमा कंपनी म्हणेल, ट्रॅक्टर शेतीचा होता, ट्रॉलीवर माणसं बसवायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही देणं लागत नाही. हा मुद्दा खोटा नसतो, कधीकधी टिकतोही. पण २०१८ च्या शिवराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टरवर बसलेल्या जखमीला विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग काढून दिला. वकिलाला तो मागायला सांगा. चालकाची चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळण्याची वेगळी तरतूद कलम १६४ मध्ये आहे, पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. हात-पाय गेलेल्याने त्यात घाईने अडकू नये. ठोकर देऊन वाहन पळून गेलं असेल तर तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करा: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. आणि घरात सात-बारा असेल तर तालुका कृषी कार्यालयातल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज विसरू नका.

रस्त्यावर नव्हे, फडात अपघात झाला तर? कोयता लागला, साप चावला, ट्रॉलीवरून पडला, तर कामगार नुकसानभरपाईचा कायदा आहे. तो १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आणि मुख्य तरतुदी तिच्यात आल्या. इथं मालकाची चूक दाखवावी लागत नाही. काम करताना लागलं, एवढं पुरतं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मजुरीच्या ६० टक्क्यांना वयाच्या घटकाने गुणतात. वरच्याच तीस वर्षांच्या माणसाचे १२ हजारांवर सुमारे १४ लाख ९७ हजार होतात. सुताराचा डावा हात गेला म्हणजे त्याच्यापुरतं शंभर टक्के गेलं, असं १९७५ सालीच ठरलं आहे. कारखाना म्हणतो कामगार मुकादमाचा, मुकादम म्हणतो वाहतूकदाराचा; अर्जात तिघांनाही सामील करा. वाहनाच्या अपघातात मात्र मोटार अपघाताचा दावा किंवा कामगार भरपाईचा दावा, यांपैकी एकच वाट धरता येते.

कामगार भरपाईच्या या कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या प्रत्येक तांड्याच्या भिंतीवर रंगवायला हव्यात. भरपाईतून उचल वळती करता येत नाही. आणि भरपाईचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल असतो, मग त्यावर कितीही अंगठे असोत. म्हणून ज्यांनी अंगठा दिला आहे त्यांनीही घरी बसू नये. तो स्टँपपेपर घेऊनच वकिलाकडे या.

वकिलाकडे म्हणतोय, एजंटाकडे नव्हे. सरकारी दवाखान्यांच्या दारात जे लोक ‘केस टाकून देतो, निम्मे तुमचे निम्मे आमचे’ म्हणतात, त्यांच्या कोऱ्या कागदांवर सही करू नका. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलाला मनाई आहे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं: सगळ्या महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या इतरांनाही. कार्यालय बीडच्या न्यायालयातच आहे, फोन १५१००. लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा वरचा हिशेब खिशात असल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. दावा जिंकूनही रक्कम न उचललेली घरंही आहेत, हे पैसे न्यायाधिकरणांत पडून असल्याची दखल सर्वोच्च न्यायालयालाच घ्यावी लागली. जुना निकाल असेल तर बँकेच्या पासबुकासह चौकशी करा.

आणि मुकादमांनो, तुम्हीही याच गावांतले आहात, उद्या तुमचाही भाऊ त्या ट्रॉलीत असेल. येत्या दसऱ्याला करार लिहाल तेव्हा कोयत्यातल्या दोघांची नावं लिहा आणि दोघांची मजुरी वेगळी दाखवा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींच्या विम्याची झेरॉक्स टोळीतल्या एका माणसाकडे देऊन ठेवा. ग्रामसेवकांनी गाव सुटायच्या आधी ओळखपत्रं पुरी करावीत, बायकांची सुद्धा. मास्तरांनी हा कागद शाळेत वाचून दाखवावा; घरात वाचता येणारं पहिलं माणूस बऱ्याचदा सातवीतली पोरगीच असते.